उपचार संपले, आता तारीख सांभाळा

किमो झाला, शेक झाले, ऑपरेशनचे टाके निघाले. डॉक्टर म्हणाले, "आता तीन महिन्यांनी दाखवायला या." घरच्यांना वाटते, सुटलो एकदाचे. पहिली तारीख पाळली जाते, दुसरी कशीबशी. तिसरी तारीख येते तेव्हा कापूस वेचणीला आलेला असतो, नाहीतर केळीच्या बागेतली मजुरी बुडणार असते. मग उत्तर मिळते, "आते मी बरा शे, मुंबईले कसाले जाऊ?" जळगाव-धुळ्याच्या वस्त्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की या महिन्याचे पान त्यालाच दिले.

बरे वाटत असताना का जायचे?

तोंडाचा कॅन्सर परत आलाच, तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो. सुरुवातीला गाठ लहान असते आणि दुखत नाही. त्या वेळी सापडली तर पुन्हा उपचार करता येण्याची शक्यता जास्त असते. दुखायला लागल्यावर गेलो तर हातातले मार्ग कमी होतात. म्हणून तपासणी हा उपचाराचाच भाग समजा.

तोंडाच्या कॅन्सरनंतर साधारणपणे पहिल्या वर्षी दर १ ते ३ महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर २ ते ६ महिन्यांनी, पाच वर्षे होईपर्यंत ४ ते ८ महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा बोलावतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर वर्षातून एकदा मॅमोग्राफीही असते. प्रत्येकाचे वेळापत्रक वेगळे; तुमच्या फाईलवर जी तारीख लिहिली आहे, तीच तुमची.

स्तनाच्या कॅन्सरनंतर काही बायांना टॅमॉक्सिफेनसारखी गोळी ५ ते १० वर्षे रोज घ्यावी लागते. अंगातून वाफा निघतात, चिडचिड होते, म्हणून अनेकजणी ती गुपचूप बंद करतात. तसे करू नका. त्रास डॉक्टरांना सांगा, त्यावर इलाज असतो. पाळी गेल्यानंतर रक्त दिसले तर लगेच दाखवा.

तोंड आणि मान

शेक घेतल्यावर जबडा आखडतो. शरद पवारांचे तोंडाचे ऑपरेशन २००४ मध्ये झाले. त्यानंतर तोंड नीट उघडत नव्हते, गिळायला-बोलायला त्रास होत होता, हे त्यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे. तंबाखू-सुपारीच्या सवयीची खंतही बोलून दाखवली आहे. त्यानंतर वीस वर्षांहून जास्त काळ ते सभांतून बोलत राहिले. त्यांच्याकडे साधने आपल्यापेक्षा जास्त होती हे खरे, पण तोंड उघडण्याच्या व्यायामाला पैसा लागत नाही. आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून दातांमध्ये धरायच्या आणि दर काही दिवसांनी एक काडी वाढवायची. किती वाढवायच्या, ते दवाखान्यात शिकून घ्या.

तोंड कोरडे पडते, म्हणून घोट घोट पाणी जवळ हवे. मिरचीचा ठेचा, झणझणीत शेवभाजी काही महिने सोसत नाही. मऊ खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, कमी तिखटाची उडदाची डाळ, अंडे द्या. दात किडला तर परस्पर उपटून घेऊ नका. शेक घेतलेल्या जबड्याचे हाड नीट भरून येत नाही, म्हणून दाताच्या डॉक्टरांना आधी फाईल दाखवा. मानेला शेक घेतले असतील तर ६ ते १२ महिन्यांनी थायरॉइडची रक्त तपासणी करायची असते. थकवा, सूज, सतत थंडी वाजणे याला आळस म्हणू नका.

आणि तंबाखू, गुटखा, मिश्री बंद. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी टपरीवर तो मिळतो हे आपण रोज बघतो. बरा झालेला माणूस घरात असेल तर त्याच्यासमोर पुडी फोडू नका.

हात, पाय आणि न बोलले जाणारे

स्तनाच्या ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. कापूस वेचताना, विळा धरताना त्या हाताला जखम होऊ देऊ नका. ओरखडा आला तर साबणाने धुवा. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

काही किमोनंतर तळपायाला मुंग्या येतात, पाय बधिर होतात. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन तव्यासारखी तापते आणि अशा पायाला चटका कळत नाही. अनवाणी फिरू नका, रात्री तळवे बघा.

गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला शेक दिल्यावर योनीमार्ग आखडतो, कोरडेपणा येतो, पाळी लवकर जाते. बाया हे कुणाला सांगत नाहीत आणि नवऱ्याला वाटते, ही टाळते. तपासणीला गेल्यावर नर्सला सरळ विचारा, यावर उपाय आहेत. नवऱ्यानेही सोबत बसून ऐकावे.

ताट वेगळे करू नका

काही घरांत आजाऱ्याचे ताट-पेला वेगळा ठेवतात, नातवंडांना जवळ जाऊ देत नाहीत. कॅन्सर एका ताटात जेवल्याने, एका अंथरुणावर झोपल्याने लागत नाही. वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या आजा-पणजांनी सोसले आहे. तो पेला आपल्याच घरात, आपल्याच माणसापुढे ठेवायचा नाही.

खर्चाचे काय?

मुंबईच्या परळच्या टाटा रुग्णालयात तपासणी असेल तर रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टिअर एसीचे मूळ भाडे पूर्ण माफ असते, सोबत्याला ७५ टक्के सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून रेल्वेच्या नमुन्यातला दाखला घ्या आणि तिकीट आरक्षण खिडकीवर काढा. धुळेकरांनी चाळीसगावहून गाडी धरली तरी हीच सवलत. एसटीत बायांना निम्मे तिकीट आहेच. मुक्कामाला दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आहे; टाटाचे पुष्कळ रुग्ण तिथे उतरतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते, ते योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड व आधार सोबत ठेवा. कमावता माणूसच आजारी पडला असेल तर तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. कॅन्सरचे गरजू रुग्ण त्यात बसतात.

तारखेची वाट न बघता दाखवा

• नवी गाठ, किंवा तीन आठवडे न भरणारी जखम
• गिळताना त्रास, आवाज बसणे
• तोंडातून, थुंकीतून, लघवीतून, शौचातून किंवा अंगावरून रक्त
• कारण नसताना वजन घटणे, न थांबणारा खोकला, हाडांत सतत दुखणे

मुंबई लांब असेल तर आधी जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा, फाईल घेऊन.

ती फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवा. पावसाळ्यात गळक्या पत्र्याखाली तिचा लगदा होतो. मोबाईलवर प्रत्येक कागदाचा फोटो काढा. तारीख जवळ आली की रुग्णाची झोप उडते, तो चिडतो. हे भितीपोटी असते, त्याला एकटे पाठवू नका. महिला मंडळांना एक विनंती : रुग्णाचे नाव विहाराच्या फळ्यावर लिहू नका. त्याच्या घरी जा, पुढची तारीख विचारा आणि त्या दिवशी सोबत कोण जाणार, पोरांना कोण सांभाळणार, ते तिथेच ठरवून या.