घाट चढणाऱ्या फिएटची ठिणगी

कसारा घाट चढून आलेली जुनी फिएट इगतपुरीच्या अलीकडे बंद पडली, की बॉनेट उघडायच्या आत कुणीतरी निदान करून मोकळं होतं, ‘पॉइंट गेले असतील.’ पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवण्याचा सल्लाही लगेच मिळतो. सल्ला चांगला आहे. पण तो घेण्याआधी पॉइंट करतात काय, हे समजून घ्यायला हवं.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या पद्मिनीचं, म्हणजे आपल्याकडे फिएटच म्हटल्या जाणाऱ्या गाडीचं, इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. त्यात ठिणगी पाडण्याची रीत अमेरिकी अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९१०च्या सुमारास घडवलेली. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा बारा व्होल्टचा करंट कॉइलमधून वाहतो आणि तिथे चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडले की करंट तुटतो, क्षेत्र क्षणात कोसळतं, आणि कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उसळून प्लगला ठिणगी पडते. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर हे सेकंदाला १०० वेळा घडतं.

हा सगळा भार पॉइंटमधल्या अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फटीवर. पॉइंटची टाच कॅमवर घासून झिजते, तशी फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं. सपाट रस्त्यावर कळतही नाही. घाटात मात्र गाडीचा दम तुटतो आणि इंजिन तापतं. शिवाय दर वेळी पॉइंटच्या तोंडाशी छोटी ठिणगी उडतेच. कंडेन्सर ती आवरतो, तो बिघडला तर पॉइंट लवकर जळतात.

इलेक्ट्रॉनिक संचात पॉइंट आणि कंडेन्सर निघतात. रोटरखाली चुंबकांचं कडं बसतं, शेजारी एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की ट्रान्झिस्टर करंट तोडतो. घासणारं काही उरत नाही, म्हणून टायमिंग एकदा लावलं की फारसं हलत नाही. डिस्ट्रिब्युटरचं टोपण, वजनं, व्हॅक्यूम सगळं जागेवर राहतं, त्यामुळे बाहेरून गाडी जशीच्या तशी दिसते. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आता इगतपुरीचा पाऊस. धुक्यात, पावसात गाडी मिसिंग करते तेव्हा दोष बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाचा आणि प्लगच्या वायरींचा असतो. भेगेत ओल शिरते आणि करंट प्लगपर्यंत पोचण्याआधीच गळतो. नव्या संचाने हे बरं होत नाही. टोपण आणि वायरी बदलाव्या लागतात. मे महिन्यातल्या तापल्या घाटातला बिघाड तर अनेकदा ठिणगीचा नसतोच. पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप ओढेनासा होतो. पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबलं की गाडी चालू होते, आणि श्रेय उगाच नुकत्याच घासलेल्या पॉइंटना मिळतं.

संच बसवताना घाई करू नये. वायरी उलट जोडल्या तर मॉड्यूल तिथेच जळतं. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवली तरी कॉइल आणि मॉड्यूल तापून जाऊ शकतात. कॉइलचा रोध संचाला जुळतो का, ते मीटर लावून बघावं. बेस प्लेटची बारीक अर्थिंगची वायर तुटकी नको. डायनॅमोची गाडी असेल, तर इंजिन मंद फिरताना व्होल्टेज किती पडतं तेही मोजावं. शेवटी टायमिंग लाइट लावून टायमिंग नव्याने बसवायचं; जुन्या खुणेवर सोडायचं नाही.

पॉइंट बिघडतात ते हळूहळू, आधी सांगून. रस्त्याकडेला काचकागदाने घासून ते घरापर्यंत नेतात. मॉड्यूल जातं ते एकदम, आणि घाटात ते दुरुस्त होत नाही. म्हणून काढलेले पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांचे स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, फीलर गेजसह, डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवावेत.