चांद्याचा गोंडकालीन राजवाडा

चंद्रपूरचे जिल्हा कारागृह ज्या वास्तूत आहे, ती मुळात गोंड राजांचा राजवाडा होती. ज्या जागेवरून झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्टीतल्या, जमीनदारांना हुकूम सुटत, तेथे इंग्रजी अमलात कैदी ठेवले जाऊ लागले.

गोंड राजांची गादी प्रथम सिरपूर येथे होती, तेथून ती वर्धा नदीकाठच्या बल्लारपूरला आणि पुढे इरई व झरपट या नद्यांच्या संगमाजवळ, चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, आली. पंधराव्या शतकातील खांडक्या बल्लाळशहाला झरपटच्या पाण्याने व्याधीतून आराम पडला आणि एका सशाने कुत्र्याचा पाठलाग केला त्या वाटेवर राणीच्या सल्ल्याने परकोट, म्हणजे नगराभोवतीचा तट, आखला गेला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी दोन नद्यांच्या बेचक्यातील ही जागा संरक्षणासाठी अचूक निवडलेली होती, हे नकाशा पाहताच पटते. सुमारे 11 किलोमीटरच्या या परकोटाला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे असून, त्यांखेरीज बगड, हनुमान, विठोबा, मसाण आणि चोर अशा पाच खिडक्या, म्हणजे पायी ये-जा करण्याचे छोटे दरवाजे, आहेत. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे शिल्प कोरलेले आहे. हे गोंड राजांचे राजचिन्ह होय.

या राज्याचे बळ किती होते, हे अकबराच्या काळात अबुल फजलने रचलेल्या 'आईन-इ-अकबरी'तून कळते. चांद्याच्या बाबजी बल्लाळशहाकडे एक हजार घोडेस्वार व चाळीस हजार पायदळ असल्याची आणि हिऱ्यांच्या खाणीसाठी प्रसिद्ध असलेले वैरागड त्याने जिंकल्याची नोंद तीत आहे. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, आणि चांद्याच्या राजवाड्याचा इतिहास त्या अरण्यप्रदेशापासून तोडून सांगता येत नाही, कारण राज्याच्या संपत्तीचा एक स्रोत तेथे होता. अठराव्या शतकाच्या आरंभी बीरशहाच्या हत्येनंतर राणी हिराईने दत्तक पुत्र रामशहाच्या नावाने कारभार चालवला आणि पतीची देखणी समाधी उभारली. दक्ष शासक म्हणून तिचे नाव आणखी ठळकपणे घेतले जायला हवे.

इ. स. 1751 मध्ये नागपूरकर रघुजी भोसल्यांनी राज्य खालसा केले, शेवटचा राजा नीलकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत पडला, मे 1818 मध्ये इंग्रजांनी चांद्याचा किल्ला सर केला आणि 1854 मध्ये नागपूरचे राज्यच त्यांच्या ताब्यात गेले. जंगलातील गोंड तरुणांना संघटित करून इंग्रजांशी लढलेले मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांना 21 ऑक्टोबर 1858 रोजी याच कारागृहाच्या आवारात फाशी देण्यात आले. ज्यांच्या पूर्वजांनी येथील गादीची चाकरी केली, त्या समाजाला हे स्थान दुहेरी स्मृतीचे वाटते, ते यामुळेच. दरवर्षी त्या दिवशी तेथे अभिवादन केले जाते. आवारातील दर्ग्याच्या दर्शनासाठी मोहरमच्या काळात कारागृहाचे दार सर्वसामान्यांना उघडले जाते, एरवी ही वास्तू बाहेरूनच पाहावी लागते.

इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी 2017 पासून परकोटाचे बुरूज श्रमदानाने झाडझुडुपांतून मोकळे केले, त्यामुळे तट पुन्हा नजरेत आला. राजवाड्याच्या बाबतीत मात्र मूळ गोंडकालीन बांधकाम कोणते आणि नंतरची भर कोणती, हे दाखवणारा तपशीलवार आराखडा सामान्य वाचकाच्या हाती यायला हवा, आणि पुढची कोणतीही दुरुस्ती त्या आराखड्याच्या आधारेच व्हायला हवी.