यंत्र तुकडे मोजते, कामगाराची बोटे कोण सांभाळणार?

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी मागे टाकली की मोशी लागते आणि इंद्रायणीचा पूल ओलांडला की चाकणची वाट सुरू होते. एका बाजूला भोसरीची जुनी एमआयडीसी, दुसऱ्या बाजूला चाकणचे मोठमोठे मोटार कारखाने आणि मधोमध आमची मोशी. १९९७ साली ही मोशी पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली. तेव्हाची शेते आज राहिली नाहीत. तेथे भाड्याच्या खोल्या आणि इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून पोटासाठी आलेली माणसे राहतात. पहाटे कंपनीच्या बसगाड्या फर्स्ट शिफ्ट घेऊन जातात आणि थर्ड शिफ्ट परत आणून सोडतात.

या वस्त्यांत अलीकडे एक नवा विषय बोलला जातो. 'आमच्या लाईनवर सेन्सर बसवले', 'मशीनवर स्क्रीन लावला', 'आता साहेब घरी बसून प्रॉडक्शन बघतो' असे आमचे कामगार बांधव सांगतात. हे सारे नेमके काय आहे, कोणाच्या फायद्याचे आहे आणि आपल्या घरातल्या माणसाने त्याकडे कसे पाहावे, याचा विचार आज आपण करावयाचा आहे.

हे प्रकरण आहे तरी काय?

यंत्राला डोळे, कान आणि जीभ दिली, असे समजा. प्रेसवर किंवा लेथवर एक लहानसा सेन्सर बसवितात. तो यंत्राची थरथर, मोटारीची गरमी, ओढली जाणारी वीज आणि प्रत्येक ठोका यांची नोंद घेतो. ही नोंद तारेने किंवा बिनतारी मार्गाने कारखान्यातील संगणकाकडे जाते आणि तेथून इंटरनेटवरून हवी तिथे पोहोचते. बेअरिंग खराब होऊ लागले की यंत्राची थरथर बदलते. मोडण्याआधीच ते कळते आणि मेंटेनन्सवाला वेळेवर येतो. यंत्रांनी आपसात आणि माणसांशी इंटरनेटवरून बोलण्याच्या या पद्धतीला 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' म्हणतात.

आपल्या देशात हा पसारा एवढा वाढला की यंत्रांसाठी वेगळे फोन नंबर द्यावे लागले. आपल्या मोबाईलचा नंबर १० आकडी असतो, तर यंत्रात बसणाऱ्या सिमकार्डांसाठी २०१८ पासून १३ आकडी नंबर सुरू झाले. माणसांचे नंबर यंत्रांना पुरणार नाहीत, हे सरकारने तेव्हाच ओळखले होते!

जर्मनीपासून चाकणपर्यंत

२०११ साली जर्मनीत हॅनोव्हरच्या औद्योगिक जत्रेत 'इंडस्ट्री फोर पॉइंट झीरो', म्हणजे चौथी औद्योगिक क्रांती, हा शब्द पुढे आला. पहिली क्रांती वाफेची, दुसरी विजेची, तिसरी संगणकाची आणि चौथी एकमेकांना जोडलेल्या यंत्रांची. आपल्या केंद्र सरकारच्या अवजड उद्योग खात्याने 'समर्थ उद्योग भारत ४.०' ही योजना काढली. तिच्यातील एक केंद्र पुण्यात सी-फोर-आय-फोर लॅब या नावाने उभे राहिले. कारखानदारांना ही नवी पद्धत शिकविणे हे त्याचे काम. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात फाइव्ह-जी सुरू झाले आणि यंत्रांच्या बोलण्याला आणखी वेग आला.

आपल्या पट्ट्यात यासाठी जमीन तयारच होती. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, मग टेल्को आणि बजाज यांनी येथे बस्तान बसविले. २००९ साली चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. बजाज ऑटोने २०१० च्या सुमारास माणसाच्या शेजारी उभे राहून काम करणारे यांत्रिक हात, म्हणजे 'कोबॉट', वापरण्यास सुरुवात केली. या हातांचा गुण लक्षात ठेवण्याजोगा आहे. काम करताना माणसाचा धक्का लागला तर तो हात थांबतो. माणसाचे अंग ओळखून थांबणारे यंत्र आपल्या पट्ट्यात आले त्याला दशकाहून अधिक काळ लोटला, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

पंचाहत्तर टक्क्यांचा हिशेब

यंत्राजवळच्या स्क्रीनवर एक आकडा दिसतो. त्याला कारखान्यात 'ओईई' म्हणतात. सुपरवायझर त्यावरूनच रागावतो, म्हणून तो कसा निघतो हे प्रत्येक ऑपरेटरला ठाऊक असले पाहिजे.

समजा, शिफ्ट ८ तासांची, म्हणजे ४८० मिनिटांची आहे. यंत्र ६० मिनिटे बंद राहिले आणि ४२० मिनिटे चालले. म्हणजे वेळेचे ८७.५ टक्के झाले. मिनिटाला २ नग या हिशेबाने ८४० नग निघायला हवे होते, निघाले ७५६. म्हणजे वेगाचे ९० टक्के. त्या ७५६ पैकी ७१८ नग चांगले निघाले, म्हणजे दर्जाचे सुमारे ९५ टक्के. या तिन्हींचा गुणाकार केला की सुमारे ७५ टक्के येतात. हाच तो आकडा.

आता खरा प्रश्न त्या बंद राहिलेल्या ६० मिनिटांचा आहे. यंत्र बंद का राहिले? माल आला नाही, वीज गेली, डाय बदलायचा होता, की ऑपरेटर जागेवर नव्हता? यंत्र बंद पडल्याचे सेन्सर सांगतो, पण कारण स्क्रीनवर माणूसच भरतो. कारण भरलेच नाही किंवा भलतेच भरले, तर दोष कोणाच्या माथी बसणार? ज्याचे नाव त्या यंत्रासमोर लिहिलेले आहे त्याच्याच! म्हणून माल नसेल तर 'माल नाही' हेच बटण दाबावे आणि ते दाबण्याची सवलत नसेल तर आपल्या डायरीत वेळ लिहून ठेवावी. पूर्वी मुकादमाच्या वहीत काय लिहिले आहे हे कामगाराला दिसत नसे. आज ती वही स्क्रीनवर आहे, ती वाचायला शिकले पाहिजे.

तुकडे मोजले, हात मोजले नाहीत

मोठ्या कारखान्यांत वातानुकूलित खोल्या, रोबो आणि स्क्रीन दिसतात. परंतु गाडीचे हजारो भाग तेथे बनत नाहीत. ते बनतात भोसरी, तळवडे, चिखली, चाकण येथील लहान शेडमध्ये. मोठी कंपनी व्हेंडरला काम देते, तो त्याच्या खालच्याला देतो आणि शेवटी पत्रा कापण्याचे काम येते ठेकेदाराच्या हेल्परकडे. त्याच्या पुढ्यात असते पॉवर प्रेस.

वाहन उद्योगातील जखमी कामगारांसाठी काम करणाऱ्या 'सेफ इन इंडिया' या संस्थेने २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाचे अहवाल काढले आहेत. हरियाणात सुरू झालेले तिचे काम पुढे आपल्या पुणे पट्ट्यातही आले. पॉवर प्रेसवर कामगारांची बोटे तुटतात, प्रेसवर सुरक्षेची साधने नसतात आणि अनेकांच्या हाती ईएसआयचे कार्ड अपघात झाल्यावरच पडते, असे या अहवालांनी दाखवून दिले.

येथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्यावी लागेल. नग मोजणारा सेन्सर कोणत्याही जुन्या प्रेसवर बसतो. तो स्वस्त असतो आणि त्याचा फायदा मालकाला त्याच दिवशी दिसतो. हात वाचविणारा सेन्सर वेगळा. प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाचा अदृश्य पडदा असतो, त्यात हात गेला की प्रेस थांबते. पण त्यासाठी प्रेसला मध्येच थांबविणारा क्लच आणि ब्रेक असावा लागतो. जुन्या पद्धतीच्या प्रेसचे तसे नाही. एकदा पॅडल दाबले की ठोका पूर्ण केल्याशिवाय ती थांबत नाही. तिच्यावर प्रकाशाचा पडदा लावून काही उपयोग नाही. तेथे डायभोवती हात जाणारच नाही असे पक्के गार्ड हवे आणि तुकडा उचलायला हाताऐवजी चिमटा किंवा चुंबक हवा. दोन्ही हातांनी दाबायची बटणे असतील तर टार्गेटसाठी त्यांतले एक बांधून ठेवण्याचा प्रकार मुळीच होता कामा नये.

म्हणजे साधन नाही असे नाही. हात ओळखणारे यंत्र आहे आणि गार्डही आहे. फक्त पैसा कोठे आधी खर्च करायचा, याचा निर्णय झालेला आहे. जेथे एका मिनिटाचा थांबा पकडला जातो, तेथे कामगाराचा अंगठा प्रेसखाली जाताना का पकडला जात नाही? हा प्रश्न या नव्या तंत्राला विचारलाच पाहिजे.

आणि जेथे कोणतीच नोंद नसते तेथे काय होते? ८ डिसेंबर २०२३ रोजी मोशीहून फार दूर नसलेल्या तळवडे येथे वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनविणाऱ्या बेकायदा कारखान्यात आग लागली आणि आमच्या कष्टकरी भगिनी होरपळून मेल्या. त्या शेडमध्ये काय चालले होते, हे ना कोणत्या स्क्रीनवर होते, ना कोणत्या वहीत. मोठ्या कंपनीचे यंत्र इंटरनेटवर बोलते आणि तळवड्याची बाई मेल्यावरच बातमीत येते, ही चौथी क्रांती म्हणावी काय?

नोंद आपल्याही कामाची

म्हणून सेन्सर फोडा, असे आम्ही म्हणत नाही. यंत्राला शिव्या देऊन कष्टकऱ्याचे ओझे कमी होत नाही. यंत्राने माणसाचे कष्ट हलके करावेत आणि त्याला माणसासारखे जगायला वेळ द्यावा, हाच बाबासाहेबांचा विचार. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. त्याच काळात प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल दिला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. कारखान्यातील इजा हे कामगाराचे नशीब नाही, तो उद्योगाने उचलावयाचा भार आहे, हे तत्त्व त्यातून रुजले.

आज तेच तत्त्व नव्या यंत्रांना लावता येईल. प्रेस कोणत्या शिफ्टला, किती वाजता थांबली, त्या दिवशी किती ठोके झाले, यंत्र किती तास चालले, हे सारे संगणकात असते. अपघात झाला, तर हीच नोंद कामगाराचा साक्षीदार होऊ शकते. ओव्हरटाईम झाला की नाही, हेही तीच सांगते. मग युनियनने आणि सुरक्षा समितीने ती नोंद मागावी. अपघातानंतर ती पुसली जाऊ नये, असा आग्रह धरावा. मालकाच्या उपयोगाची असलेली नोंद कामगाराच्या न्यायाच्या वेळी 'सापडत नाही' असे होता कामा नये.

घरच्यांनी एवढे करावे

कामावर जाणारा माणूस थकलेला असतो. म्हणून घरातील माता-भगिनींनी, कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी हे पाहावे.

पहिले, नेमणूकपत्र. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यांत कामगाराला नेमणूकपत्र देणे बंधनकारक आहे. ठेकेदाराकडे ते मागावे. पगाराची पावती, गेटपास आणि हजेरी यांचे फोटो काढून घरच्या मोबाईलमध्ये ठेवावेत.

दुसरे, ईएसआयचे कार्ड. पगारातून ईएसआयची कपात होत असेल तर विमा नंबर आजच मागावा. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची पगारमर्यादा महिना २१ हजार रुपये झाली. ठेकेदाराच्या कामगारालाही ही योजना लागू आहे. कामावरील इजेसाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही, कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्क आहे.

तिसरे, अपघात झाला तर 'घरी पडलो' असे कोणाच्याही सांगण्यावरून लिहून देऊ नये. बोट तुटलेल्या माणसाला खासगी दवाखान्यात नेऊन थोडे पैसे हातावर ठेवण्याचा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. त्या पैशांत महिनाभर भागेल. परंतु कायमच्या अपंगत्वासाठी ईएसआयकडून दरमहा मिळणारी रक्कम मात्र बुडेल. अपघाताचा अहवाल पाठविण्यास मालकाला सांगावे. चिंचवडला मोहननगरमध्ये ईएसआयचे रुग्णालय आहे, हे पत्ते लिहून ठेवण्याच्या वहीत असावे. यंत्र धोक्याचे असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे तक्रार करता येते.

चौथे, मुलांचे शिक्षण. नग मोजणारा कारकून, वही भरणारा हेल्पर ही कामे कमी होत जातील. सेन्सर बसविणारा, तार जोडणारा, बिघाड शोधणारा यांची गरज वाढेल. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, मेकॅट्रॉनिक्स असे ट्रेड आहेत. महापालिकेची आयटीआय मोरवाडीला आहे, मुलींसाठी कासारवाडीला आहे. 'मुलीला कशाला यंत्राचे शिक्षण' असे म्हणण्याचे दिवस गेले. स्क्रू घट्ट करण्यास ताकद लागत असे, स्क्रीन वाचण्यास डोके लागते आणि ते आमच्या मुलींकडे पुरेपूर आहे.

पंचाहत्तर टक्के, ऐंशी टक्के असे आकडे कारखान्याच्या भिंतीवर झळकत राहतील. त्याच भिंतीवर आणखी एक आकडा लागावा, अशी मागणी प्रत्येक शेडमध्ये झाली पाहिजे: या कारखान्यात कोणाच्याही हाताला इजा न होता किती दिवस गेले? तो आकडा रोज एकाने वाढत राहिला, तरच हे तंत्र आपल्या घरांपर्यंत पोहोचले असे आम्ही म्हणू.