सूर फाटतो कुठे: व्हॉल्व्हच्या गिटार ॲम्पची ओळख

ओव्हरड्राइव्ह म्हणजे ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा थोडा जास्त सिग्नल दिल्यावर गिटारच्या सुराला येणारा भरदार, किंचित खरखरीत पोत. सभेच्या लाउडस्पीकरवर आवाज असा फाटला तर तो दोष मानतात. इलेक्ट्रिक गिटारच्या वादकांनी मात्र १९५०च्या दशकापासून तो मुद्दाम मिळवला, जोपासला आणि त्यातून वाद्याला नवा आवाज दिला. हा आवाज सर्वांत सुरेल निघतो तो जुन्या धाटणीच्या व्हॉल्व्ह ॲम्पमधून. तो काढण्यासाठी सगळी बटणे शेवटपर्यंत फिरवून भागत नाही.

व्हॉल्व्ह, म्हणजे निर्वात नलिका, मर्यादेजवळ येताना हळूहळू नमते. ध्वनिलहरीचे शिखर एकदम सपाट कापले न जाता आधी दबते, मग गोलसर होते आणि बराच जोर लावल्यावरच चपटे होते. शिखर दबले की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे उपस्वर तयार होतात. पहिल्या टप्प्यातल्या ट्रायोडमध्ये लहरीची एक बाजू दुसरीपेक्षा आधी दबते आणि त्यामुळे दुपटीचा, म्हणजे वरच्या सप्तकातला उपस्वर ठळक होतो. शेवटच्या टप्प्यात दोन पॉवर व्हॉल्व्ह आळीपाळीने काम करतात. तिथे सम उपस्वर एकमेकांना बरेचसे खोडतात आणि तिपटीचा, पाचपटीचा असे विषम उपस्वर उरतात. त्यांनी आवाजाला धार येते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून जवारी काढतो तेव्हा तोही एका तारेतून उपस्वरांची रांग मोकळी करतो. तिथे हे काम घोडीचा उतार करतो, इथे व्हॉल्व्हचे नमणे.

दोन स्वर एकत्र वाजले की याहून मोलाची गोष्ट घडते. दबलेल्या लहरीत दोन्ही स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचेही स्वर उमटतात. गिटारवर ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ हर्ट्झचा पंचम एकत्र छेडला तर वजाबाकीतून ५५ हर्ट्झचा, म्हणजे खालच्या सप्तकातला षड्ज ऐकू येतो. वादकाने तो छेडलेलाच नसतो. रॉक संगीतातल्या पॉवर कॉर्डचा दणदणीतपणा इथून येतो. गंधार, निषाद घातलेली गुंतागुंतीची कॉर्ड त्याच ॲम्पवर गढूळ वाटते, कारण तिथले वजाबाकीचे स्वर कॉर्डशी जुळत नाहीत. चांगला ओव्हरड्राइव्ह काढणारा वादक म्हणूनच कॉर्डमधले स्वर कमी करतो.

गिटारच्या पिकअपमधून निघणारा सिग्नल व्होल्टच्या काही दशांशांइतका असतो. पहिला व्हॉल्व्ह, बहुधा ईसीसी८३, तो पन्नासेक पटींनी वाढवतो. पुढे व्हॉल्यूमचे बटण, टोनची बटणे, दुसरा टप्पा, सिग्नलचे दोन उलट भाग करणारा फेज इन्व्हर्टर, पॉवर व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर अशी साखळी असते. यातली प्रत्येक कडी आपापल्या परीने दबते. एकाच कडीवर सगळा भार टाकला तर आवाज चिरका, माशी घोंगावल्यासारखा होतो. प्रत्येकीने थोडी थोडी मर्यादा ओलांडली तर तो दाट आणि बोलका होतो. जुन्या ॲम्पच्या ओव्हरड्राइव्हचे मर्म एवढेच आहे आणि सेटिंगचे जवळजवळ सगळे नियम यातूनच निघतात.

विद्युतपुरवठाही या साखळीत येतो. जुन्या ॲम्पमध्ये एसीचे डीसी करण्याचे काम रेक्टिफायर व्हॉल्व्हकडे असे. तार जोरात छेडली की विजेची मागणी वाढते, रेक्टिफायरच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज क्षणभर खाली बसते आणि मग सावरते. कानाला स्वर आधी दबलेला आणि लगेच फुलत गेलेला जाणवतो. ५वाय३ रेक्टिफायरमध्ये हे बसणे जास्त असते, जीझेड३४मध्ये कमी.

नमुना म्हणून फेंडर कंपनीचा १९५०च्या दशकातला ‘डिलक्स’ जवळून पाहण्यासारखा आहे. दोन ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह, १२ इंची एक स्पीकर, पंधरा वॅटच्या आत ताकद. त्याचे व्हॉल्यूम १२ आकड्यांपर्यंत जाते. तीन-चारपर्यंत आवाज स्वच्छ असतो. पाच-सहावर बोट जोरात पडले तरच कडा फाटते, हलके पडले तर नाही. त्यापुढे आवाज फारसा वाढत नाही, फक्त दाटपणा वाढतो आणि जाड तारा सैल होऊ लागतात. याच्या दोन चॅनेलांची व्हॉल्यूम एकमेकांत गुंतलेली असतात. ज्या चॅनेलमध्ये गिटार लावलेलीच नाही त्याचे बटण फिरवले तरी वाजणाऱ्या चॅनेलचा पोत बदलतो. नवशिक्याला हे विचित्र वाटते, पण डिलक्सचे निम्मे सौंदर्य या बटणात आहे.

फेंडरचाच ‘बासमन’ बास गिटारसाठी बनला आणि नाव काढले साध्या गिटारवाल्यांनी. लंडनच्या हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांच्यासह १९६२मध्ये बासमनचे सर्किट पुढे ठेवून आपला पहिला ॲम्प बनवला. बासमनच्या पहिल्या टप्प्यातल्या १२एवाय७ऐवजी त्यांनी जास्त वाढ देणारा ईसीसी८३ घेतला आणि मागून उघड्या पेटीतल्या १० इंची चार स्पीकरांऐवजी बंद पेटीत १२ इंची चार सेलेस्टियन स्पीकर लावले. सर्किट जवळपास तेच राहिले, तरी आवाज पार वेगळा झाला. एरिक क्लॅप्टन यांनी १९६६मध्ये जॉन मेयॉल यांच्या ‘ब्लूज ब्रेकर्स’ तबकडीसाठी लेस पॉल गिटार लावून मार्शल ॲम्प स्टुडिओत मोठ्याने वाजवला आणि तो आवाज पुढच्या पिढीसाठी आदर्श ठरला. तिसरे घराणे व्हॉक्स एसी३०चे: चार ईएल८४, निगेटिव्ह फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणे) नाही, त्यामुळे वरच्या पट्टीत झळाळी आणि फाटण्याकडे संथ वाटचाल. त्यावरचे ‘कट’ बटण वाढवले की तीव्र स्वर कमी होतात, हे ठाऊक नसलेला वादक उलट दिशेने शोधत राहतो.

हे सारे ॲम्प सभागृहांसाठी घडले, आणि सोलापूरसारख्या शहरात खरी अडचण तिथेच येते. जुन्या पेठांत भिंतीला भिंत लागून घरे, वर पत्रा, शेजारी यंत्रमाग. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर १ वॅटवर एक मीटर अंतरावर ९७ डेसिबल आवाज देतो आणि ३० वॅटवर सुमारे ११२. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. ३० वॅटऐवजी १५ वॅटचा ॲम्प घेतला तर आवाज फक्त ३ डेसिबलने उतरतो. कानाला निम्मा वाटण्यासाठी ताकद दहाव्या हिश्श्यावर आणावी लागते. घरात वाजवणाऱ्याने ५ वॅट किंवा त्याहून लहान ॲम्प घ्यावा, कमी संवेदनशीलतेचा स्पीकर लावावा, आणि तेवढ्याने भागले नाही तर ॲम्प व स्पीकरमध्ये ताकद शोषून घेणारा अटेन्युएटर घालावा. मार्शलने १९७५च्या सुमारास मास्टर व्हॉल्यूम आणले. त्याने पहिले टप्पे हळू आवाजातही फाटतात, पण पॉवर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर स्वस्थ बसून राहतात. सोय मोठी आहे, तरी लहान ॲम्प पूर्ण चालवण्याची सर तिला येत नाही.

सेटिंगला सुरुवात बासपासून करावी. खालचे स्वर सर्वाधिक ताकद खातात आणि फाटल्यावर सर्वांत आधी चिखल होतात, म्हणून बास नेहमीच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली आणावा. मिडल पुढे आणावा, कारण गिटारचा खरा आवाज तिथेच असतो. ट्रेबल शेवटी आणि वादक जिथे उभा राहणार त्या जागेवरून ऐकून लावावा. गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेला स्पीकर उभ्या माणसाला मऊ वाटतो आणि समोर बसलेल्याला टोचतो. चार इनपुटांच्या मार्शल किंवा बासमनमध्ये दोन्ही चॅनेल छोट्या केबलने जोडून तेजस्वी आणि जाड आवाज हवे तसे मिसळता येतात. व्हॉल्यूम आवाज फाटू लागतो त्याच्या जरा पुढे ठेवावे आणि उरलेले काम गिटारच्या बटणावर सोपवावे: दहावर एकल वादन, सहा-सातवर ताल, चारवर जवळजवळ स्वच्छ आवाज. जुन्या ॲम्पचे मोठेपण या प्रतिसादात आहे.

ॲम्प फाटण्याच्या उंबरठ्यावर आहे पण पुढे जात नाही, अशा वेळी पेडल उपयोगी पडते. आयबानेझचा ट्यूब स्क्रीमर बास कापून मधले स्वर पुढे ढकलतो. त्याचे ‘ड्राइव्ह’ कमी आणि ‘लेव्हल’ जास्त ठेवले की फाटण्याचे काम व्हॉल्व्हच करतात.

व्होल्टेजकडे दुर्लक्ष झाले तर ही सारी मेहनत वाया जाते. यंत्रमागांच्या भागात मोटारींच्या भाराने पुरवठा खालीवर होतो. २३० व्होल्टसाठी बनलेल्या ॲम्पला २५० मिळाले तर ६.३ व्होल्टचा हीटर ६.८५वर जातो, आतले ४०० व्होल्ट त्याच प्रमाणात चढतात आणि व्हॉल्व्हचे आयुष्य घटते. व्होल्टेज उतरले तर आवाज लवकर आणि मऊ फाटतो. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी व्होल्टेज कमी-जास्त करणारा व्हेरिअ‍ॅक लावून हेच मुद्दाम केले. रोजच्या वापराला चांगला स्टॅबिलायझर बरा. अमेरिकेहून आणलेल्या ॲम्पला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पण तो ६० हर्ट्झचे ५० करत नाही, म्हणून केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेला मूळ ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो तेव्हा हा फरक महागात पडतो. तापमान दहा अंशांनी वाढले की इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते. पाठ उघडी असलेला ॲम्प भिंतीपासून हातभर दूर ठेवावा आणि सॉकेटवर बसणारा सुताचा तंतू व धूळ कोरड्या ब्रशने झाडावी.

व्हॉल्व्ह ही वस्तू मराठी घरांना परकी नाही. मर्फी, फिलिप्स, बुशच्या रेडिओंत तीच तापून लाल दिसायची. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६०च्या दशकात रेडिओचे व्हॉल्व्ह देशात बनवायला घेतले. त्यांचे जुने ईसीसी८३ आणि ईएल८४ गिटारवाले आजही शोधतात. आयातीवर कडक निर्बंध होते त्या काळात भारतीय बँड हाताशी असेल त्या ॲम्पवर भागवत. १९७० आणि १९७१च्या ‘सिमला बीट’ तबकड्यांवर ती जिद्द ऐकू येते. मंडपवाल्यांचे व्हॉल्व्हचे लाउडस्पीकर ॲम्प आजही गिटारसाठी बदलून घेता येतात. ते भाषण स्वच्छ यावे म्हणून बनलेले असतात. त्यामुळे इनपुटला १ मेगओहमचा रोध घालणे, निगेटिव्ह फीडबॅक कमी करणे आणि टोनचे सर्किट नव्याने बांधणे एवढे करावे लागते. मजबूत ट्रान्सफॉर्मर आयते मिळतात, हा त्यातला मोठा फायदा.

हे काम जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावे. ॲम्प बंद करून प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणे व्होल्टेज टिकून राहते. स्पीकर न जोडता व्हॉल्व्ह ॲम्प कधीही वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. पहिल्या टप्प्यातले व्हॉल्व्ह तसेच बदलता येतात. ईसीसी८३च्या जागी १२एवाय७ घातला की वाढ निम्म्याहून कमी होते आणि फाटणे सौम्य होते. फिक्स्ड बायसच्या, म्हणजे व्हॉल्व्हचा शांत प्रवाह वेगळ्या ऋण व्होल्टेजने ठरवणाऱ्या ॲम्पमध्ये पॉवर व्हॉल्व्ह बदलले की बायस पुन्हा लावावा लागतो. शांत अवस्थेत व्हॉल्व्हच्या कमाल क्षमतेच्या सुमारे ७० टक्के ही नेहमीची वरची मर्यादा धरतात. बायस फार थंड ठेवला तर सूर कोरडा आणि तुटका येतो. फार गरम ठेवला तर व्हॉल्व्हची प्लेट लाल होते, आणि तशी दिसताच ॲम्प बंद करावा.