कुंडलिकेत सुरतकर

सकाळचे साडेआठ. कोलाडजवळ, कुंडलिकेच्या काठी लाइफ जॅकेट-हेल्मेट चढवून आम्ही पाण्याची वाट बघतोय. पात्रात खडक उघडे पडलेत.

धरणाचं पाणी सोडलं म्हटलं की सुरतच्या माणसाला 2006चा ऑगस्ट आठवतो. उकाई धरणाचे दरवाजे उघडले आणि तापी घराघरांत शिरली. इथे मात्र पाणी सुटावं म्हणून लोक पैसे भरून बसलेत. आमच्या नानांच्या गळी हे अजून उतरत नाहीये.

पाणी मुळशी धरणाचं. टाटांच्या भिऱ्याच्या वीजघरात ते सह्याद्रीवरून सुमारे 500 मीटर खाली येतं, 1927पासून. वीज मुंबईकडे, पाणी कुंडलिकेत. म्हणून इथे भर उन्हाळ्यातही राफ्टिंग चालतं.

गाइड उत्तराखंडचा. वल्ह्याच्या टोकाची मूठ सोडायची नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातील. पडलात तर उताणे व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेला, बोटं पाण्यावर. उभं राहू नका. पाय खडकात अडकला की प्रवाह माणसाला आडवा करतो. पोरं हसताहेत. नाना हेल्मेटचा पट्टा आणखी आवळतात.

बघता बघता एकेक खडक बुडतो. निघालो.

‘फॉरवर्ड! फॉरवर्ड!’ वल्ही एकमेकांवर आपटताहेत, निम्मी हवेतच. खरं राफ्ट हाकतोय तो मागे बसलेला गाइड. आमचं काम मुख्यतः ओरडण्याचं. समोर पाणी एकदम खाली जातं, राफ्टचं नाक त्यात घुसतं आणि गार लाट थेट तोंडावर येते. ‘गेट डाऊन!’ सगळे तळाशी, दोर धरून. राफ्ट खडकावर आडवा आदळतो, गर्रकन फिरतो, आता आम्ही पाठमोरे उतरतोय. भाचा गायब! दुसऱ्या क्षणी त्याचं हेल्मेट कडेला वर येतं. गाइड त्याचा हात धरत नाही. जॅकेटचे खांद्यावरचे दोन्ही पट्टे पकडतो, आधी पाण्यात खाली दाबतो आणि त्याच उसळीवर खेचून आत टाकतो. भाचा खोकतोय आणि ‘परत, परत’ म्हणतोय.

पुढे नदी संथ होते. ‘कूदना है?’

सगळ्यांआधी नाना. दोर धरून उताणे, बोटं पाण्यावर, शिकवलं तस्से.

‘हे पाणी बंद कधी करतात रे?’

‘बिजली की डिमांड उतरेगी तब.’

‘मग मुंबईवाल्यांना म्हणावं, ए.सी. चालू ठेवा!’