आडोसा मिळाला की दिसणारा मासा

पूर्ण वाढ झाल्यावरही जेमतेम दोन सेंटिमीटर लांबी गाठणारा ‘डारिओ डारिओ’ हा गोड्या पाण्यातील मासा ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातील उथळ, संथ आणि पाणवनस्पतींनी गच्च भरलेल्या ओढ्यांत राहतो, आणि मत्स्यपालनाचा छंद असणाऱ्यांमध्ये तो ‘स्कार्लेट बॅडिस’ या नावाने ओळखला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील १८२२ सालच्या ग्रंथात त्याचे प्रथम वर्णन केले. पुढे २००२ मध्ये स्वेन कुलँडर आणि राल्फ ब्रिट्झ या शास्त्रज्ञांनी त्याच्यासाठी ‘डारिओ’ ही स्वतंत्र प्रजाती, म्हणजे निकटचे नाते असलेल्या जातींचा गट, निर्माण केली.

या जातीच्या नराच्या शेंदरी अंगावर निळसर-पांढरे उभे पट्टे असतात, तर मादी आकाराने लहान आणि करड्या रंगाची असते; परंतु विक्रेत्याच्या उघड्याबोडक्या काचपेटीत नराचाही रंग बहुधा फिकाच दिसतो. माशाच्या त्वचेतील रंगपेशींमधील कण मज्जासंस्था आणि संप्रेरके यांच्या नियंत्रणाखाली पेशीभर पसरतात किंवा तिच्या मध्याशी गोळा होतात, त्यामुळे भेदरलेला मासा काही क्षणांत फिका पडू शकतो, आणि म्हणूनच त्याचा रंग हा त्याच्या स्वास्थ्याचा दृश्य निर्देशक ठरतो. ज्या जीवाला जवळपास प्रत्येक मोठा मासा आणि काठावरचा प्रत्येक खंड्या गिळू शकतो, त्याच्या दृष्टीने मोकळे पाणी म्हणजे धोकाच असतो. याउलट, क्षणार्धात शिरता येईल असा आडोसा जवळ असेल, तर तोच मासा निर्धास्तपणे बाहेर येतो. लपण्याच्या जागा जितक्या अधिक, तितका मासा अधिक दिसतो, हा वरवर विसंगत वाटणारा नियम हा मासा पाळण्याच्या टाकीच्या रचनेचा पाया आहे.

त्यासाठी तीस-चाळीस लिटरच्या टाकीत जावा मॉसचे पुंजके, क्रिप्टोकोरिनची झुडपे आणि पृष्ठभागावर सावली धरणाऱ्या तरंगत्या वनस्पती लावल्या जातात. नर आपापली हद्द राखतात आणि तीत शिरलेल्या दुसऱ्या नराला हुसकावून लावतात. अशा वेळी दाट पाने आणि लाकडाचे तुकडे त्यांना एकमेकांच्या नजरेआड ठेवतात. तरीही इतक्या लहान टाकीत एक नर आणि दोन माद्या एवढाच परिवार सुरक्षित असतो.

वनस्पतींचे दुसरे काम रासायनिक आहे. माशांच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया हे विषारी द्रव्य तयार होते. त्याचे रूपांतर जीवाणूंचा एक गट नायट्राइटमध्ये करतो, आणि नायट्राइटचे रूपांतर पुढे तुलनेने सौम्य अशा नायट्रेटमध्ये होते; या संपूर्ण प्रक्रियेला नायट्रीकरण म्हणतात. हे जीवाणू वाळूवर व गाळणीत पुरेसे वाढण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागत असल्याने तोपर्यंत मासे सोडू नयेत. वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात. लहान टाकीतले पाणी लवकर बिघडत असल्याने त्यांचे हे साहाय्य तेथे विशेष मोलाचे ठरते.

अन्नाच्या बाबतीत हा मासा हट्टी शिकारी आहे, कारण भक्ष्याची हालचाल दिसल्याशिवाय तो सहसा तोंड उघडत नाही आणि कोरड्या दाण्यांकडे ढुंकूनही पाहत नाही. आर्टेमियाची नुकतीच उबवलेली पिल्ले, डॅफ्निया, सायक्लॉप्स यांसारखे सूक्ष्म कवचधारी जीव त्याला द्यावे लागतात. मॉसच्या गुंत्यात वाढणारे सूक्ष्मजीवही दिवसभर त्याच्या उपयोगी पडतात. चपळ आणि खादाड सोबती हे अन्न आधीच फस्त करतात, त्यामुळे असे सोबती टाळलेले बरे.

महाराष्ट्रातील उन्हाळा ही मात्र खरी कसोटी आहे. २० अंश सेल्सिअसला एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. शिवाय उष्ण पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी थंड राहते, मात्र आटलेल्या पाण्याची भर क्लोरीनमुक्त पाण्याने रोज घालावी लागते.

‘डारिओ’ या प्रजातीचे पश्चिम घाटाशीही नाते आहे. तेथून २०१२ मध्ये ‘डारिओ यूरॉप्स’ आणि २०१५ मध्ये कर्नाटकातून ‘डारिओ हुली’ या जातींचे वर्णन झाले. कन्नडमध्ये ‘हुली’ म्हणजे वाघ, आणि हे नाव माशाच्या अंगावरील पट्ट्यांवरून पडले. ईशान्येकडील आप्तांपासून इतक्या दूर, घाटातल्या लहान ओढ्यांत राहणारे हे मासे एकविसाव्या शतकापर्यंत स्वतंत्र जाती म्हणून वर्णिले गेले नव्हते, यावरून त्यांचे लपणे किती परिपूर्ण आहे हे कळते, आणि काठची झुडपे व पाण्यातील वनस्पती काढून ‘स्वच्छ’ केलेला ओढा त्यांना किती परका होईल, हेही कळते. टाकीत हा आडोसा माणसाला हाताने रचावा लागतो. ओढ्यात तो आधीपासूनच आहे, आणि तेथे तो तसाच राहू देणे एवढेच माणसाचे काम आहे.