माशांच्या औषधापासून बेडकांच्या औषधापर्यंत

१८६४ साली मेक्सिकोहून ३४ अ‍ॅक्सोलॉटल पॅरिसला पोहोचले. त्यांतले ६ प्राणिशास्त्रज्ञ ऑग्युस्त द्युमेरिल यांच्या ताब्यात आले आणि त्यांची पिल्लं पुढे युरोपभरच्या प्रयोगशाळांत गेली. हा पाण्यातला उभयचर काचेच्या टाकीत पिढ्यानपिढ्या जगू लागला तो तेव्हापासून.

त्याच्या दुखण्यांवरचे उपाय मात्र दीर्घकाळ मासे पाळणाऱ्यांकडूनच उसने घेतले गेले. कातडीत रुतणारा अँकर वर्म, कल्ल्यांवर फिरणारा एकपेशीय ट्रायकोडिना, हे शत्रू माशांचेही आणि अ‍ॅक्सोलॉटलचेही. मग औषधंही तीच : मीठ, फॉर्मलिन, मॅलाकाइट ग्रीन, मोरचूद. इथेच घात होत असे. माशाला खवल्यांचं कवच असतं. अ‍ॅक्सोलॉटलची किंवा बेडकाची कातडी उघडी, ओली आणि झिरपणारी. पाणी, क्षार, प्राणवायू हे तिच्यातूनही आत जातात, तसं औषधही जातं. माशाला झेपणारी मात्रा या जिवाला विषासारखी ठरू शकते.

१९३०च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतले झेनोपस बेडूक गर्भधारणेच्या चाचणीसाठी जगभर रवाना होऊ लागले. त्यांच्या पाठीच्या कातडीत घर करणारा सूक्ष्म कृमी पुढे प्रयोगशाळांची डोकेदुखी ठरला. कातडी खरखरीत, राखाडी होते, पापुद्रे सुटतात, बेडूक वाळत जातो. त्यावर गुराढोरांच्या जंतांवरचं लेव्हामिसोल पाण्यात मिसळून वापरलं गेलं.

खरं वळण आलं १९९९ साली. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या निळ्या विषारी बेडकावरून कायट्रिड या कातडीवरच्या बुरशीचं वर्णन झालं. पाठोपाठ तिथल्याच संशोधकांनी उपाय दाखवला : इट्राकोनॅझोलच्या अगदी सौम्य द्रावणात रोज ५ मिनिटं, सलग ११ दिवस आंघोळ. बेडकाच्याच कातडीचा विचार करून बेतलेला हा उपचार मोलाचा होता.

महाराष्ट्राला ही बुरशी परकी नाही. २०१३ साली नीलेश डहाणूकर, आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर सह्याद्रीतल्या तीन प्रदेशनिष्ठ बेडकांवर ती असल्याचं सिद्ध केलं. त्यांतल्या एका जातीच्या कातडीवर व्रण होते, ती सोलवटत होती. उरलेल्या दोन जातींवर वरून काहीच दिसत नव्हतं. वरून धडधाकट दिसणारा प्राणीही रोग वाहत असतो, ही या अभ्यासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या घरात अ‍ॅक्सोलॉटल सांभाळणं मुळातच अवघड. त्याला १६ ते १८ अंशांचं पाणी मानवतं. इथल्या उन्हाळ्यात ते यंत्राने थंड करावं लागतं. कोमट पाण्यात तो आधी अशक्त होतो, मग परजीवी जोर धरतात. काही बेडकांची कायट्रिडची लागण उष्णतेने बरी करता येते, पण याच्यावर तो उपाय चालत नाही. शिवाय ही जात आंतरराष्ट्रीय व्यापार करार ‘साइट्स’च्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणून २०२२च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर अशा प्राण्याची नोंदणी करणं बंधनकारक आहे.

तेव्हा दुकानातली माशांच्या औषधाची बाटली परस्पर टाकीत रिकामी करू नका. विदेशी प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याला आधी कातडीचा नमुना तपासू द्या. नवा प्राणी काही आठवडे वेगळ्या टाकीत ठेवा. आणि टाकीचं पाणी रायलादेवी तलावात किंवा येऊरच्या ओढ्यात कधीही ओतू नका. आधी ब्लीचिंग पावडरने निर्जंतुक करा आणि घरातल्याच मोरीत सोडा.